परक्या घरी गेलेली चांदणी

लग्न ठरलं तेव्हा मी इतकी बावळट होते, की सासरचं नवं नाव झोकात लिहिता यावं म्हणून आमच्या कंपनीच्या मोटारीचं नाव घालवून बसले. मोटारीचं नाव चांदणी. ते ठेवलं होतं लिमयेसाहेबांनी.

लिमयेसाहेब कारखान्यात गाड्यांचे आराखडे काढत. मोटार दिसली की बॉनेटवर हात ठेवून आधी तिला नावाने हाक मारायची, मग माणसांकडे बघायचं, ही त्यांची रीत. "नंबर सरकार देतं हो, नाव आपण ठेवावं लागतं," म्हणायचे. जुनी चांदणी कारखान्यातून निघायची बंद झाली होती; पण फिक्या निळ्या रंगाची नवी चांदणी त्यांच्या कागदावर हळूहळू उजाडत होती. मी टायपिस्ट. टायपिंग सोडून तिच्याकडे बघत बसायचे. वाटायचं, आत्ता ही कागदावरून उतरेल आणि स्वारगेटच्या गर्दीतून आवाज न करता निघून जाईल.

नाव आपल्याकडे राखायचं तर मुदतीत सरकारकडे अर्ज धाडावा लागे. तो भरून धाडायचं काम माझ्याकडे. मी तो भरला, त्याच्या पाठीवर 'वसुधा'च्या सतरा सह्या गिरवल्या, ऑफिसातल्या खणात ठेवला आणि बोहल्यावर चढले. रजेवरून परतले तोवर मुदत टळून गेली होती आणि दुसऱ्या कंपनीने चांदणी आपल्या नावावर करायला घेतली होती. साहेबांनी दोष स्वतःवर घेत मालकांना सांगितलं, "अर्ज माझ्याकडून राहिला." नवी गाडी भलत्याच नावाने बाहेर पडली. तिला त्यांनी कधी हाक मारली नाही. आणि मी? गप्प. सही मात्र झोकात.

परवा त्याच दुसऱ्या कंपनीची विजेवर चालणारी चांदणी माझ्या नातीने घेतली. तिच्यात बसून मी बिबवेवाडीला साहेबांकडे गेले. नव्वदी उलटली त्यांची; म्हटलं, आता तरी सांगून टाकावं. ते काठी टेकत खाली आले, बॉनेटवर हात ठेवून "चांदणी" म्हणाले, आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी सगळं सांगितलं. वर नेऊन त्यांनी आपल्या टेबलाच्या खणातून पिवळा पडलेला तोच अर्ज काढला. पाठीवर सतरा वसुधा. पहिल्या पाच बिघडल्यात, असा शेराही मारला. मग कागद उलटला. खाली, अर्ज भरणारीच्या जागी, माझं माहेरचं नाव होतं. त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही.

"एक नाव परक्या घरी गेलं, सुखात आहे, आत्ताच बघितलंत. दुसरं मी जपून ठेवलंय, कुसुमबाई."