छत खरवडलं, तेही उजव्या हाताने!

मंडळी, मान दुखतेय, केसांत अजून पांढरी भुकटी आहे, पण हे सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

जपानमधल्या त्सुकुबा शहरातल्या आमच्या जुन्या घरातली एक खोली मी ऑफिससाठी तयार करतेय. तिच्या छतावर खडबडीत, दाणेदार थर होता. मीटिंग चालू असताना लॅपटॉपवर कण पडायचे. त्यात फुप्फुसांना घातक असं अ‍ॅस्बेस्टॉस नाही, याची तपासणी आधीच करून घेतली होती.

"माणूस बोलावू या," नवरा म्हणाला. त्याची काळजी खरी होती. फ्रोझन शोल्डरमुळे वर्षभर माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. माझी वेणीसुद्धा तोच घालायचा.

"आधी एक कोपरा करून बघते," मी म्हटलं.

सकाळी मास्क आणि गॉगल लावून शिडीवर चढले. छतावर पाणी फवारलं, थर भिजू दिला आणि रंगाऱ्याची खरवडायची पट्टी सरकवली. ओल्या रव्यासारखा लगदा खाली पडला. हात वर गेला होता! ठणकला, पण गेला. मग थांबत थांबत दुपारपर्यंत अख्खं छत साफ केलं.

शेजारच्या साइतो-सान त्यांची शिडी परत न्यायला आल्या आणि वर बघतच राहिल्या. "कोणाकडून करून घेतलंत?"

"मीच केलं," मी जपानीत सांगितलं. इतक्या ताठ मानेने मी जपानी कधीच बोलले नव्हते.

आता जमिनीवर आडवी पडून छत बघतेय. स्वतःच्या हातांनी केलेलं कुठलं काम तुम्ही असं बघत बसला होतात?