दिवेलागणीचा दम

धाकट्या मुलीच्या दम्याची मी दोन वर्षे वही ठेवली होती. तारीख, वेळ, वारा, जेवणात काय होते, सारे लिहिलेले. एकेचाळीस वेळा दम लागला. पाच वेळा शाळेत, छत्तीस वेळा दिवेलागणीला. देवापुढचा धूप बाधतो असे ठरवून मी धूप बंद केला. औषधे चालूच होती. तरी नऊ वर्षांची पोर गळा धरून हवा ओढायची, आणि देव ऐकतो का, ही शंका मला छळायची.

महाराष्ट्र राज्य झाले त्या वर्षी कार्तिकात आम्ही रुक्मिणीच्या माहेरी, कौंडण्यपूरला निघालो. बायको म्हणाली, "वही कायले घेता संगं? रुक्मिणी हिशेब मांगते काय?" मी वही पिशवीत टाकलीच.

अमरावतीच्या मोटारीत मुलीशेजारी अकोल्याच्या एक बाई बसल्या. त्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. आजाराचा विषय निघाला तशी त्यांनी वही मागून पान न् पान वाचले.

"झोपेत कधी दम लागला?"

"एकदाही नाही."

"दिवेलागणीला घरात काय असतं?"

"शुभंकरोती, मग पाढे. औटकीपर्यंत, साडेतीनच्या पाढ्यापर्यंत, मीच म्हणवून घेतो," मी अभिमानाने सांगितले. "चुकली की पहिल्यापासून."

"वहीत सगळं आहे. समोर कोण बसलं होतं, तेवढं नाही."

मुलगी खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "मले बाबाचं भेव नाही वाटत. चुकायचं वाटते."

देवळात मला काही मागताच आले नाही.

बाईंच्या सांगण्यावरून औषध तसेच ठेवून डॉक्टरांना सारे कळवले. त्यांनी मुलीला माझ्यासमोर अडीचकी म्हणायला लावली. दम लागला. नळी लावून ते म्हणाले, छाती साफ आहे. आवाज गळ्यातला, तोही श्वास आत घेताना. हा दमा नव्हे. बाईंनी अकोल्याला बोलावून तिला सावकाश श्वास सोडायला शिकवले, आणि मला बजावले, "हे सोंग नाही. त्रास खराच आहे." सहा महिन्यांत औषधे डॉक्टरांनीच थांबवली.

रुक्मिणीने हिशेब मागितला नाही. तो वाचणारे माणूस तेवढे शेजारी आणून बसवले. मी दोन वर्षे मोजत राहिलो, देवावर सोपवले कधीच नव्हते.

धूप पुन्हा सुरू आहे. पाढे आता मी म्हणतो, ती ऐकते. औटकीत मी अडखळतो. "बाबा, पयल्यापासून," ती म्हणते. मी देवाला हात जोडतो आणि पुन्हा सुरुवात करतो.