होडीखालच्या पाण्याबाबत

पहिला शनिवार. जबाबदार: माझी पत्नी. मला न विचारता तिने मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस वस्तीतल्या चित्रकलेच्या वर्गात माझे नाव घातले. चौथा शनिवार. जबाबदार: वर्ग चालवणाऱ्या स्पॅनिश चित्रकार बाई. गेला शनिवार. जबाबदार: पुन्हा त्याच.

रुसैलच्या कारखान्यात कायदेशीर सल्लागार म्हणून माझी हयात गेली. पुराव्याशिवाय मी बोलत नाही. बाईंनी आपल्या देशात, किनाऱ्यावरच्या गावी, शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर लेकीपाठोपाठ त्या मस्कतला आल्या आणि तिच्या व्हरांड्यात वर्ग भरवू लागल्या. स्वतःची चित्रे त्या अर्ध्यावर सोडतात आणि विद्यार्थ्यांकडून पुरी करून घेतात. आयुष्यभर हेच करत आल्या आहेत. आम्हालाही तोच कायदा. चित्रात जीव रमू लागला, की बाई टाळी वाजवून "यल्ला", म्हणजे चला, म्हणतात आणि समोरच्याशी कॅनव्हास बदलावा लागतो.

चौथ्या शनिवारी मी सोबत आलेल्या पत्नीला खिडकीपाशी बसवून रंगवत होतो. चेहरा काही केल्या जमेना. तेवढ्यात टाळी वाजली. कॅनव्हासवरची माझी पत्नी समोर बसणाऱ्या, वर्गातल्या वहिनींकडे गेली आणि त्यांच्या वडिलांची रत्नागिरीची होडी माझ्याकडे आली. मी तिथल्या तिथे लेखी हरकत घेतली: अशा चित्राची मालकी कोणाची? बाईंनी माझा कागद शांतपणे वाचला आणि त्यालाच ब्रश पुसला.

वर्ग सुटताना पाहतो, तर कॅनव्हासवर पत्नी हसत होती. ओठ मिटून, डोळ्यांनी. घरी मला हसते तशी. हे हसू तुम्हाला कुठे सापडले, असे मी वहिनींना जरा चढ्या आवाजातच विचारले.

"तुम्ही हरकत लिहीत होतात ना, वकीलसाहेब," त्या म्हणाल्या, "तेव्हा भाभी अशाच बघत होत्या तुमच्याकडे."

ते चित्र आज आमच्या हॉलमध्ये आहे. त्यानंतर मी एकही शनिवार चुकवलेला नाही. होडीच्या फळ्या, दोर, वल्ही मी नियमानुसार पुरी केली. पाणी तेवढे राहिले आहे. अब्बांना किती दिवस कोरड्यावर बसवणार, असे वहिनी दर खेपेला विचारतात.

आणि गेल्या शनिवारी बाईंनी जाहीर केले, की आपल्या चित्रांचे प्रदर्शन भरवून त्या मायदेशी परतणार, वर्ग खलास.

माझी मागणी स्पष्ट आहे. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला, सर्व विद्यार्थ्यांसमोर, बाईंनी उत्तर द्यावे: होडीखाली पाणी नसताना वर्ग कोणत्या अधिकाराने बंद होतो? होडी मी सोबत आणणार आहे. उत्तर ब्रशाने दिले तरी ग्राह्य धरले जाईल.