बदरुद्दीन सारंगांची एकतीस ग्रहणे

दिघीचे बदरुद्दीन सारंग बोटीवरून निवृत्त होऊन आले, ते लिलावातली तीन इंची दुर्बीण घेऊनच. १९६५ साली त्यांनी एका मासिकात वाचले की, गुरूचा आयो नावाचा चंद्र ग्रहणातून सुटला की पंधरा मिनिटे जास्त उजळ दिसतो, असे काही संशोधकांचे म्हणणे आहे. गुरूच्या सावलीत आयोवरची विरळ हवा गोठून दवासारखी जमिनीवर बसत असावी आणि उन्हात पुन्हा उडत असावी. सारंगांनी ते मनावर घेतले. तीन वर्षांत एकतीस ग्रहणे पाहिली. ते दुर्बिणीला डोळा लावून उजळपणाला दहापैकी गुण देत, मुलगी जहुरा घड्याळ बघून टिपून घेई. पहिली दहा मिनिटे सात, मग पाच. मुंबईच्या एका प्राध्यापकांनी या नोंदी आपल्या लेखात घ्यायचे कबूल केले. पत्रात एवढेच विचारले, की आयोच्या शेजारच्या चंद्राचे गुण का नाहीत?

"त्याला काय धाड भरलीय? तो सावलीत गेलाच न्हाय," सारंग कुरकुरले. तरी मार्चमधल्या एका संध्याकाळी, मगरीबच्या नमाजानंतर, त्यांनी दोघांनाही गुण दिले.

आयो सात, शेजारी आठ.

दहा मिनिटांनी उजव्या डोळ्याला पाणी आले. सारंगांनी डावा लावला. बोटीवर पहारा देताना अंगवळणी पडलेली सवय: एक दमला की दुसरा.

"आयो पाच."

"आणि शेजारी?"

सारंगांनी दुर्बीण पुन्हा नीट लावली. "सहा."

"अब्बा, तो कशाला उतरला?"

"ढग आला असंल."

"ढग कुठं हाय? तुम्ही डोळा बदललात." जहुराचा हात थांबला. "दर वेळी बदलता?"

त्यांनी पुन्हा उजवा लावला. सात, आठ. डावा लावला. पाच, सहा.

"शेजाऱ्याचं लिवू नको," सारंग म्हणाले.

जहुराने लिहिले.

मुरूडच्या डॉक्टरांनी डाव्या डोळ्यात मोतीबिंदू सांगितला, तीन-चार वर्षांचा तरी.

"ऑपरेशन करू, अब्बा. परत बघू."

"बघू गो. पण ही एकतीस गेलीच ना?"

त्याच दिवशी त्यांनी प्राध्यापकांना पाठवायचे पत्र जहुराला सांगितले: माझ्या नोंदी धरू नयेत, फरक माझ्या डोळ्यांतला आहे.

वर्षाने लेख छापून आला. त्यात दिघीचा उल्लेख नव्हता. सारंगांनी तो जहुराकडून शेवटपर्यंत वाचून घेतला.

"मग आयोवर हवा हाय की न्हाय?"

"अजून नक्की सांगता येत न्हाय, असं लिहिलंय."