ओळंबा

"ही वाचायला बसली तर संध्याकाळ होईल," भाऊ म्हणाले आणि माझ्या हातातलं पवित्र शास्त्र काढून घेतलं. पुढच्या खुर्च्या हसल्या. आम्ही पॅकिंगच्या बाया मागं, सतरंजीवर.

भाऊ म्हणजे रावेरातल्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी. केळीच्या पॅकिंगला बाया नेणारा ट्रॅक्टरही त्यांचाच. मी शिंदखेड्याहून आले तेव्हा त्यांनीच काम दिलं, खोली दिली. ते उपकार मी आजही नाकारत नाही. माझी शाळा चौथीत सुटली. अक्षराखाली बोट ठेवून वाचते.

आमच्यात अध्याय ओळीनं वाचतात. ज्याची पाळी, त्यानं पुढचा वाचायचा. निवड नाही. परवाच्या रविवारी माझ्या वाट्याला आमोस संदेष्ट्याचा अध्याय आला.

शेजारची जागा रिकामी होती. सुमित्राक्काची. बुधवारी ती भाऊंच्या ट्रॅक्टरच्या चालत्या ट्रॉलीतून पडली, पाय मोडला. मागचा फाळका तुटलेला. आम्ही कधीपासून सांगत होतो. दवाखान्यात पोलिसानं ती कशी पडली विचारलं, तेव्हा भाऊ माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, "घरी पडली." अक्कानं तोंड भिंतीकडं फिरवलं. मग हळूच म्हणाली, "तुनी बी खोली शे ना तठे." माझीही खोली भाऊंचीच, हे तिला कळत होतं.

तर शास्त्र भाऊंच्या हातात. मी उभीच. पण एक त्यांना ठाऊक नव्हतं. लोकांसमोर अडखळू नये म्हणून मी पाळीचा अध्याय आठवडाभर आधी गिरवते. पाठ होतो.

"भाऊ, पाळी माझी आहे," म्हटलं, आणि आठवेल तसं बोलत गेले. देव भिंतीला ओळंबा लावतो. वाकडं ते दिसतं. राजाचं घरही सुटत नाही. आणि हे सांगणारा कोण, तर गुरं राखणारा, उंबराची फळं बघणारा परमुलखातला माणूस. राजाचा याजक त्याला म्हणतो, आपल्या मुलखात जा, तिथं भाकर खा.

शेवटपर्यंत गेले. मग म्हटलं, "अक्का घरी पडली नाही."

कुणी हसलं नाही.

बाहेर चपला घालताना भाऊ शांतपणे म्हणाले, "खोली रिकामी कर. तुझ्या गावाला जा, तिथं सांग."

दोन दिवस नुसती भिऊन बसले. ट्रॅक्टरचा आवाज आला की दाराला कडी. गावी काय तोंड दाखवू, खाऊ काय, हेच. भीती अजून गेलेली नाही.

उद्या सकाळी ठाण्यात जाणार आहे. आधी माझं खोटं सांगेन. ओळंबा मलाही लागतो. मग भाऊंचं.

गावाला त्यानंतर जाईन.