हवालदाराचा पट्टा

आमच्या गावात बनुआक्काचं टोपडं डोक्यावर गेलं नाही असं पंचवीस वर्षांच्या आतलं पोर शोधून सापडायचं नाही. माझ्या दोन्ही मुलींना तिनेच दिली, थोरलीला पिवळं आणि धाकटीला आकाशी. उसाची तोड सुरू झाली की आमच्याकडे पहाटेची थंडी झोंबते, आणि नेमकी त्याच दिवसांत निम्म्या गावाची बाळंतपणं येतात. मग सुईण असो वा दवाखान्यातली नर्स, पहिला निरोप बनुआक्काकडे. बाराव्या दिवशी टोपडं, मोजे आणि समोर बांधायला बंद लावलेलं झबलं घेऊन ती हजर असायची. त्याचे पैसे तिने कधी घेतले नाहीत. कुणी शाळू दिला, कुणी खण दिला, तर नको म्हणाली नाही एवढंच.

फक्त तिला विणताना कुणी पाहिलं नव्हतं. त्याचं कारणही तिनेच सांगून ठेवलं होतं: तान्ह्याचं कापड विणताना दुसऱ्याची नजर पडली तर ते लेकराला बाधतं. हे शास्त्र कुठल्या पोथीतलं, असं मी एकदा विचारलं, तर बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने पेपर उघडला. मी शाळामास्तर होतो, पण घरात माझं मास्तरपण चालत नाही. पुढे पुढे तो गावचा रिवाजच होऊन बसला. आता पलूसपर्यंतच्या बायका तो एकमेकींना बजावून सांगतात, जणू त्यांच्या पणजीपासून चालत आलाय.

बनुआक्काचा नवरा अर्जुना हवालदार. आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत आहे. काश्मिरात त्याच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. पुण्याच्या लष्करी इस्पितळात पाच महिने काढून तो पेन्शनीवर घरी आला. तेव्हापासून तो डाव्या हाताने जेवतो आणि म्हणून पंगतीत अगदी कडेला बसतो, कुणी सांगितलेलं नसताना. बोलणं बेताचं. दिवसाचा बराचसा वेळ विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत. आमच्याकडे केबल चोरीला जातात, त्यामुळे माणूस मोटारीपाशी बसून राहतो यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. उलट एका हाताचा माणूस, बसून तरी राखण करतो, असं लोक कौतुकाने म्हणायचे. मीही म्हणत असे.

आता सांगायला हरकत नाही. ती सगळी टोपडी हवालदाराची होती. इस्पितळात हाताला वळण यावं म्हणून कुणीतरी त्याच्या हातात सुया दिल्या, आणि गड्याला ते आवडलं. बनुआक्काला साधा टाका घालता येत नव्हता. कुणा शेजारणीच्या पोराला एकदा तिने त्यातलं टोपडं नेऊन घातलं, कुणी केलं म्हणून विचारलं, ती म्हणाली मीच की. झालं. पुढची पंचवीस वर्षं ती त्या एका शब्दाला जागत राहिली.

त्याची हत्यारं मी नंतर पाहिली, आणि मास्तरकीची सगळी वर्षं फुकट गेली असं मला वाटलं. दुकानातली एक वस्तू नाही. सुया सायकलच्या तारांच्या, दगडावर घासून टोकं आणलेल्या. सायकलवाला ज्या तारेला चौदा नंबर म्हणतो तीच बायकांची चौदा नंबरची सुई, हे त्याने स्वतः मापून काढलेलं. टाके निसटू नयेत म्हणून सुयांच्या टोकांना व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे. ओळी मोजायला एक लांब बोल्ट आणि नट. एक ओळ संपली की नट एक आटा पुढे. जाड-बारीक सुया ओळखायला अॅल्युमिनियमची पट्टी, तिला ओळीने भोकं पाडलेली. टाके राखून ठेवायला मोठी सेफ्टी पिन, तिचं टोक बोथट केलेलं. आणि पट्टा. कमरेचा जुना लष्करी पट्टा, त्यावर बाभळीचा तळहाताएवढा ठोकळा रिव्हेटने बसवलेला, ठोकळ्याला भोक. उजवी सुई त्या भोकात खोचली की ती कमरेला टेकून घट्ट उभी राहते. मग ती धरायला हात लागत नाही. सगळं काम डावा हात करतो.

गेल्या हिवाळ्यात बचत गटाच्या बायकांनी घोळ घातला. पलूसच्या एका मंगल कार्यालयात तालुक्यातल्या गटांचा मेळावा होता, आणि विणकाम शिकवायला वाईहून क्षमाताई म्हणून कुणी जाणत्या बाई येणार होत्या. त्यांच्या शेजारी बसून गावाकडचं विणकाम करून दाखवायला आमच्या बायकांनी आक्काला न विचारता तिचं नाव देऊन टाकलं. दाखवण्यापुरतं विणलेलं कुठल्या लेकराच्या अंगावर जाणार नाही, तेव्हा नजरेचा दोष नाही, हेही त्यांनीच ठरवलं. आक्काने दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा हो म्हणाली. मला वाटतं, तिलाही ते हवं होतं. नवरा फौजेत असताना सहा एकर उसाला पाणी तिने एकटीने पाजलं, म्हशी सांभाळल्या, पण तिला सगळे ओळखत ते हवालदाराची बायको म्हणून. टोपड्यांनी तिला बनुआक्का केलं होतं.

मग महिनाभर हवालदाराने तिला शिकवलं. भिंत एकच असल्यामुळे मला आवाज यायचा, एक-दो-तीन-चार, एक-दो-तीन-चार. मला वाटलं, पेन्शनीतला माणूस बायकोकडून कवायत करून घेतोय. चालायचंच. प्रत्यक्षात सुई आत, लोकर वर, सुई बाहेर, टाका सोड, असे ते चार आकडे होते. पण आक्काचा हात खुरप्याचा आणि धारा काढायचा. ती टाके इतके आवळायची की सुई आत शिरेना. महिन्याअखेर तिला टाके घालणं आणि सुलट ओळ एवढंच जमलं. दोघांनी ठरवलं: दोन ओळी विणून दाखवायच्या, आणि पुढचं घरून करून आणलंय म्हणून तयार टोपडी मांडायची.

हे निभलंही असतं. पण मेळाव्याच्या पत्रात लिहिलं होतं की येताना आपापली साधनं सोबत आणावीत. दुसऱ्या कुणी सांगलीहून एक नवी सुयांची जोडी आणून पिशवीत टाकली असती. हवालदाराने पत्र वाचलं आणि किट भरलं. फौजेत तपासणी म्हणजे तपासणी. त्यात वस्तू कमी असून चालत नाही. बोल्ट गेला, पट्टी गेली, पिना गेल्या, आणि सगळ्यात वर नीट गुंडाळून पट्टा गेला. आक्काने पिशवी उघडून पाहिलीसुद्धा नाही. त्याने भरलेली पिशवी तपासायची तिला सवय नव्हती.

मेळाव्याला मी गेलो कारण बायको गेली. हवालदार आला कारण पिशवी त्याने उचलली होती. बायका आत गेल्या, आम्ही दोघं बाहेर टेम्पोच्या सावलीत बसलो. मी पुडीतल्या शेंगा काढल्या. कार्यालयाच्या दारावर कर्णा लावलेला होता, त्यामुळे आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं, नको असलेलं भाषणही.

क्षमाताई चांगल्या बोलल्या. मग आक्काला माइकपाशी बसवलं. तिने टाके घातले, एक ओळ विणली, टाळ्या झाल्या. तोवर क्षमाताईंनी पिशवीतली साधनं टेबलावर मांडायला घेतली होती. ही बाई हत्यारांची शौकीन निघाली. बोल्ट पाहून त्या खूष झाल्या. आक्काने नटाचं काम बरोबर सांगितलं. भोकांची पट्टी झाली. नळीचे तुकडे झाले. मग त्यांनी पट्टा उचलला आणि हा कसा वापरता म्हणून विचारलं. आक्का म्हणाली, कमरेला बांधायचा. मग? मग सुई खोचायची. क्षमाताईंनी तो स्वतः बांधून पाहिला असावा, कारण थोडा वेळ नुसती खरखर आली. मग त्या कौतुकाने म्हणाल्या की असा पट्टा त्यांनी आजवर कधी पाहिला नव्हता, आणि हा बनवणाऱ्याचा उजवा हात अधू असणार. दोन्ही हात धड असलेल्या माणसाला याची गरजच नाही.

त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. वाईच्या बाईला आमच्या गावातले हात कुठून माहीत असणार? पण आत आमच्या गावच्या सतराजणी बसल्या होत्या, आणि अधू उजवा हात कुणाचा हे त्यातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. माझ्या शेजारी हवालदार डाव्या हाताने शेंग फोडत होता, तो थांबला. मी त्या पट्ट्याचं काहीच जाणत नव्हतो, तरी त्याच्या तोंडाकडे पाहून काहीतरी बिघडलंय एवढं मला कळलं.

आक्काला खोटं बोलायला जागा होती. भावाचा आहे म्हणायचं, बाजारातून आणला म्हणायचं. तिचं नाव राहिलं असतं आणि बायकाही घरी जाऊन गप्प बसल्या असत्या. कर्ण्यातून तिचा आवाज आला, नेहमीसारखाच.

"ह्यो पट्टा आमच्या मालकांचा हाय. समदी टोपडी त्येनीच इनल्यात. मला ह्यातलं काय येत न्हाई."

कुणीतरी काहीतरी विचारलं असावं. माझ्या बायकोनेच, हे मला नंतर कळलं. हवालदाराला लोकांची लाज वाटत होती का, म्हणून.

"त्येनला कशाची लाज? मला हुती. दवाखान्यातनं आलं आन सोप्यात, रस्त्याच्या तोंडाला बसून इनाय लागलं, तवा मीच म्हनलं, उठा हितनं, लोक काय म्हनतील. तवापास्नं ते मोटारीवर बसत्यात." मग तिने मुलाचं काढलं. "पयलं टोपडं त्येनी आमच्या उदयसिंगासाठनं इनलं. पोरगं म्हयन्याचं हुतं. म्या ते घातलंच न्हाई त्येला. हौसंनं गावच्या लेकरांस्नी घातली, आन माझ्या लेकराला तेवढं घातलं न्हाई."

उदयसिंह आता अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि शिरवळच्या कारखान्यात नोकरीला आहे. हवालदाराने हातातली शेंग फोडून झाल्यावर टरफल खिशात घातलं. मी पुडी त्याच्यापुढे सरकवली. तो बोलला, माझ्याकडे न बघता.

"त्या टोपड्याचं तिच्या ध्यानात हाय म्हंजे."

क्षमाताईंनी माणूस पाठवून त्याला आत बोलावलं. तो गेला नाही. टेम्पोला उशीर होतोय म्हणाला, आणि टेम्पोला अजिबात उशीर होत नव्हता. परतताना हौद्यात सतराजणी आणि आक्का, सगळ्या मागे पळणाऱ्या रस्त्याकडे बघत होत्या. पिशवी आक्काने मांडीवर धरली होती. ती फसवी निघाली म्हणून बायका रागावल्या होत्या की आणखी काही, ते मी सांगू शकत नाही. माझ्या बायकोने रात्री जेवताना एवढंच म्हटलं की आपल्या पोरींची टोपडी कुठं ठेवलीत ते शोधायला पाहिजे. मला आक्काचा रागही आला होता आणि वाईटही वाटत होतं. अठ्ठावीस वर्षं एक माणूस भिंतीपलीकडे राहतो, त्याला मोटारीच्या खोलीत घालवलं जातं, आणि त्याच्या राखणदारीचं कौतुक करणाऱ्यांत मी पहिला.

सकाळी साडेसहाला डेअरीला दूध घालायला गाव रस्त्याने जातं. आमच्या आळीतून पन्नासेक माणसं तरी जात असतील, निम्मी माजी फौजी. मी दात घासत दारात उभा होतो. बनुआक्का आतून खुर्ची घेऊन आली आणि तिने ती सोप्यात मांडली, रस्त्याकडे तोंड करून. मागे हवालदार आला. कमरेला पट्टा होता. तो बसला, त्याने उजवी सुई ठोकळ्यात खोचली आणि विणायला सुरुवात केली. लोकर हिरवी होती.

पहिले दोघं-तिघं बघत बघत निघून गेले. मग वरच्या आळीचा धुळा आला. तोही फौजेतलाच, तोंडाने फटकळ, गावातल्या निम्म्या टोपणनावांचा बाप. त्याने किटली खाली ठेवली, हवालदाराकडे पाहिलं आणि हे काय म्हणून आक्काला विचारलं. मी ब्रश तोंडात धरून थांबलो. हवालदाराने मान वर केली नाही, पण त्याची सुई थांबली होती.

"इनत्यात," आक्का म्हणाली. "पयल्यापास्नं त्येच इनत्यात."

धुळा किटली उचलून डेअरीकडे चालू लागला. सुई पुन्हा चालू झाली. आक्का आत गेली नाही. चूल तशीच होती, म्हशी ओरडत होत्या, तरी डेअरीवरून शेवटचा माणूस परत जाईपर्यंत ती त्याच्या खुर्चीला हात लावून तिथेच उभी राहिली.