न पाहिलेल्या सिनेमाची गोष्ट

नव्वदच्या दशकातली गोष्ट. इंदिरानगरातल्या आम्हा चार-पाच कॉलेजच्या पोरांना रॉक ऐकायचं खूळ लागलं होतं आणि त्यात मी स्वतःला फार शहाणा समजायचो. कारण काय, तर मुंबईच्या मामाने दिलेली एक कॅसेट. एका इंग्लिश बँडने सिनेमासाठी केलेलं संगीत होतं त्यात. एकेक तुकडा पंधरा मिनिटांचा, शब्द जवळजवळ नाहीतच. ऑर्गन, गिटार आणि मधेच वाऱ्याचा आवाज. तो सिनेमा आमच्यापैकी कुणी पाहिला असणं शक्यच नव्हतं. मीही पाहिला नव्हता, पण पाहिलाय म्हणून ठोकून दिलं होतं.

माझा एक वर्गमित्र सुरगाण्याकडच्या खेड्यातला, हॉस्टेलवर राहायचा. त्याने ती कॅसेट इतक्यांदा ऐकली, की मलाच हेवा वाटायला लागला. एकदा त्याने सिनेमाची गोष्ट विचारली. कव्हरवर उजाड माळ आणि एकटा माणूस होता, त्यावरून मी दिली थाप: वाळवंटात विमान पडतं, वैमानिक आपल्या मुलाला शोधत फिरतो. कुठल्या तुकड्याला काय घडतं, तेसुद्धा सांगितलं. तो सगळं वहीत उतरवून घेत होता आणि मला, काय सांगू, मजा वाटत होती.

कॉलेजच्या संगीत मंडळात दर महिन्याला कुणीतरी एक कॅसेट लावून तिच्यावर बोलायचं. शहरातल्या पोरांसमोर तोंड उघडायला तो बिचकायचा, तरी या वेळी त्याने स्वतःहून नाव दिलं. आमचीच कॅसेट लावली आणि वहीतली गोष्ट सांगत बोललाही छान. शेवटी इंग्रजीचे सर उठले. परदेशात असताना त्यांनी तो सिनेमा पाहिला होता. तो खाणकामगारांचा आहे, म्हणाले, त्यात विमान नाहीच.

"ही गोष्ट कुणी सांगितली तुला?"

अख्खा हॉल हसला. लाज वाटते सांगायला, मीही हसलो. आपण गप्प बसलो तर पकडले जाऊ, एवढीच अक्कल त्या क्षणी चालली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग सरांना म्हणाला, "मीच कुठंतरी चुकीचं वाचलं, सर."

बाहेर आल्यावर त्याने हळूच विचारलं, "तू पाहिलाय ना रे तो पिक्चर?"

खरं बोलायला त्याने मला रस्ता करून दिला होता.

"पाहिलाय की," मी म्हणालो. "सरच विसरले असतील."

बरं म्हणून तो हॉस्टेलकडे गेला. पुढे दोन वर्षं आम्ही एकाच वर्गात होतो. त्याने मला परत कधी काही विचारलं नाही.